वाचकांचे प्रश्न : जुन्या इंजिनातली ताकद जाते कुठे?

जुन्या मोटारींबद्दल येणाऱ्या पत्रांत सध्या एक तक्रार सारखी दिसते : इंजिनाचं काम करून घेतलं, पैसेही भरपूर घातले, तरी गाडीत दम नाही. पेट्रोल जळून पिस्टनवर जी ताकद येते ती सगळी फ्लायव्हीलपर्यंत (इंजिनाच्या टोकाच्या जड चाकापर्यंत) पोचत नाही. रिंगा, बेअरिंगं, टॅपेट, पंखा, डायनॅमो हे सगळे आपापला वाटा वाटेतच काढून घेतात. हा वाटा मोजता येतो, आणि त्यासाठी दर वेळी महागडं यंत्र लागतंच असं नाही. या अंकात याच विषयावरची पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १९६३ची फियाट ११०० आहे. नुकतंच इंजिन पूर्ण उघडलं. बोअर केला, पिस्टन-रिंगा नव्या, बेअरिंगचे शेलही (आतले अर्धगोल पत्रे) नवे. आता सेल्फ जेमतेम फिरवतो आणि इंजिन फिरवायच्या हँडलला दोन माणसं लागतात. मेकॅनिक म्हणतो, "पाचशे किलोमीटर चालवा, आपोआप मोकळं होईल." इंजिन पुन्हा न उतरवता नेमकं काय घट्ट आहे ते कळेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कळेल, आणि ते पाचशे किलोमीटर चालवण्याआधीच कळून घ्या. नव्या रिंगा बोअरमध्ये (सिलिंडरच्या भोकात) बसत जातात आणि त्यांचा घट्टपणा खरोखर कमी होतो. बेअरिंगचं तसं नसतं. शेल आणि जर्नल (क्रँकचा, म्हणजे पिस्टनांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा, बेअरिंगमधला भाग) यांच्यात तेलाला जागा नसेल तर ती चालवून तयार होत नाही. शेलवरचा मऊ थर तापून पुसला जातो आणि जर्नललाच चिकटतो. म्हणून आधी घट्टपणाची जागा शोधायची, मग गाडी रस्त्यावर काढायची.

चारी प्लग काढा, फॅनबेल्ट उतरवा, गिअर न्यूट्रलला ठेवा. क्रँकच्या पुढच्या नटवर सॉकेट बसवून त्याला सुईचा टॉर्क रेंच लावा, म्हणजे ज्यात सुई पट्टीवर सरकते तो. 'टक्' करणारा रेंच या कामाला चालत नाही, कारण तो ठरवलेली हद्द ओलांडली एवढंच सांगतो. सुईचा रेंच नसेल तर ३०० मिलिमीटरचा दांडा आणि ताणकाटा पुरेसा आहे. दांड्याच्या टोकाला काटकोनात ५ किलोची ओढ म्हणजे १४.७ न्यूटन-मीटर.

पहिला धक्का आणि नंतरचं सलग फिरणं यांचे आकडे वेगळे लिहा. रात्रभर उभ्या इंजिनातलं तेल बेअरिंगमधून पिळून निघालेलं असतं, त्यामुळे पहिला आकडा नेहमी मोठा येतो. त्यावरून काही ठरवू नका. पुलीवर दर ३० अंशांना खडूची खूण करा आणि सावकाश, एका गतीने पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. चोवीस आकडे मिळतील. ते कागदावर मांडलेत की घट्टपणाचा चेहरा दिसतो.

सगळीकडे सारखाच मोठा आकडा असेल तर बेअरिंगांचा संशय घ्या. एका फेरीत एकदाच चढ-उतार येत असेल तर क्रँक वाकलेली आहे किंवा एखादा जर्नल मध्याला धरून घासलेला नाही. फेरीत दोनदा चढत असेल तर पिस्टन-रिंगा, कारण चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात चारी पिस्टन एकाच वेळी वर-खाली टोकांना पोचतात आणि एकाच वेळी मधल्या पट्ट्यात सर्वांत जोरात सरकतात. टोकांना त्यांचं ओझं क्रँकवर जवळजवळ पडत नाही. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा हाताला ओळखू येतात : आकडा चढतो, आणि कॅमचं नाक (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) ओलांडलं की क्रँक स्वतःहून थोडी पुढे सरकते. स्प्रिंगेने घेतलेलं ती परत देते, म्हणून तिथे सर्वांत मोठा आकडा न धरता सरासरी धरायची. हवं तर रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांचा दांडा) काढून पुन्हा मोजा. (अॅम्बॅसॅडरवाल्यांनी मात्र हे करू नये. त्या इंजिनात रॉकरच्या खुंट्यांचे काही नट हेडचेही नट आहेत. ते सोडले की हेडची गॅस्केट सैल पडते.)

बेअरिंगांचा संशय पक्का झाला तर खालून चेंबर (तेल साठणारं तळाचं भांडं) उतरवा. मेन बेअरिंगच्या टोप्या एका वेळी एकच, अर्ध्या फेरीने सैल करून पुन्हा मोजा. जी टोपी सैल केल्यावर आकडा एकदम पडतो तिथे दोष आहे. टोप्या अदलाबदल झाल्या आहेत का, एखादी उलटी बसली आहे का, शेलच्या पाठीमागे पॉलिशचा कण राहिला आहे का, हे आधी पाहा. बहुतेक वेळा तिथेच सापडतं. मग प्लास्टिगेजची (चेपून फट दाखवणारी मऊ) तार ठेवून फट मोजा. कंपनीचं पुस्तक हाती नसेल तर जर्नलच्या व्यासाच्या इंचामागे एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग) हे जुनं माप धरा. ५० मिलिमीटरच्या जर्नलला ते साधारण ०.०५ मिलिमीटर होतं. बिगएंडलाही (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगलाही) हीच रीत.

पिस्टनकडे बोट गेलं तर रिंगेचं तोंड तपासा. रिंग बोअरमध्ये उलट्या पिस्टनने सरळ ढकलून फीलर गेज घाला. बोअरच्या इंचामागे ३ ते ४ थाऊ या हिशेबाने ६८ मिलिमीटरच्या मूळ बोअरला ०.२० ते ०.२७ मिलिमीटर फट हवी. ती कमी असेल तर इंजिन तापल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बाहेर फुगते आणि बोअर ओरबाडते. गार इंजिनावर केलेल्या मापात हा दोष दिसणारच नाही. हाताने फिरवून इंजिन मोकळं वाटणं आणि तापल्यावर ते मोकळं राहणं या दोन गोष्टी आहेत. ऑल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या बोअरपेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो, शिवाय तो बोअरपेक्षा जास्त तापतो. ६८ मिलिमीटरच्या पिस्टनचं तापमान १०० अंशांनी आणि बोअरचं ६० अंशांनी वाढलं तर त्यांच्यातली फट ०.१ मिलिमीटरने कमी होते. ज्यांनी बिडाचे मूळ पिस्टन काढून ऑल्युमिनियमचे टाकले आणि फट मात्र जुनीच ठेवली, त्यांची इंजिनं पहिल्याच घाटात धरतात ती यामुळे.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत अॅम्बॅसॅडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन पाण्याच्या डायनॅमोमीटरला (ताकद मोजणाऱ्या यंत्राला) जोडलेलं आहे. मोर्स टेस्टमध्ये एके दिवशी यांत्रिक कार्यक्षमता (आतल्या ताकदीपैकी बाहेर मिळणारा वाटा) ९४ टक्के आली, दुसऱ्या दिवशी ७८. इंजिन तेच, माणसं तीच. चूक नेमकी कुठे होते?
— यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नागपूर

उत्तर : चूक तुमच्या हातून फार मोठी झालेली नसावी, आणि या टेस्टचा धोका तोच आहे. ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी : ठरावीक वेगावर पूर्ण इंजिनाची ताकद मोजतात, मग एकेका सिलिंडरचा स्पार्क बंद करून, भार कमी करत वेग पुन्हा पहिल्याइतका आणतात आणि उरलेल्या तीन सिलिंडरांची ताकद मोजतात. जितकी कमी झाली तितकी त्या बंद सिलिंडरची आतली ताकद. चारांची बेरीज म्हणजे इंजिनाची आतली ताकद; त्यातून फ्लायव्हीलवरची वजा केली की घर्षणात गेलेली उरते.

आता उदाहरणासाठी आकडे घेऊ. मिनिटाला २००० फेऱ्यांवर चारी सिलिंडर मिळून २०.० किलोवॅट, आणि एकेक बंद करून १४.१, १४.२, १४.०, १४.१. आतली ताकद ५.९, ५.८, ६.० आणि ५.९, एकूण २३.६. घर्षण ३.६ किलोवॅट, कार्यक्षमता ८४.७ टक्के. अगदी पटण्यासारखं उत्तर. हाच हिशेब दुसऱ्या तऱ्हेने मांडून बघा : घर्षण म्हणजे पूर्ण ताकदीची तिप्पट वजा चार तुकड्यांची बेरीज, म्हणजे ६०.० वजा ५६.४. पूर्ण ताकदीच्या वाचनातली चूक इथे तिप्पट होऊन एका लहान उत्तरावर बसते. २०.०च्या जागी १९.२ वाचलं तर घर्षण १.२ उरतं आणि कार्यक्षमता ९४ टक्के होते. २०.७ वाचलं तर घर्षण ५.७ आणि कार्यक्षमता ७८. म्हणजे तुमचे दोन्ही दिवसांचे आकडे एका वाचनातल्या जेमतेम ४ टक्के फरकातून निघू शकतात.

हा फरक कुठून येतो? बहुधा तेलाच्या तापमानातून. पाणी दहा मिनिटांत ८० अंशांवर येतं आणि मुलं टेस्ट सुरू करतात. तेल मात्र अजून ५० अंशांवर असतं आणि पुढची वीस मिनिटं तापतच राहतं. पूर्ण ताकदीचं वाचन घट्ट तेलावर घेतलं आणि चौथ्या सिलिंडरचं पातळ तेलावर, की हिशेब बिघडलाच. डिपस्टिकच्या नळीतून थर्मोकपलची तार चेंबरमध्ये सोडा आणि तेल दहा मिनिटांत २ अंशांपेक्षा जास्त हलत नाही तोवर थांबा. पूर्ण ताकदीचं वाचन एकदाच घेऊ नका. प्रत्येक सिलिंडर बंद करण्याच्या आधी आणि नंतर घ्या आणि त्या दोहोंच्या सरासरीतून तुकडा वजा करा. वेग पुन्हा आणताना १० फेऱ्यांच्या आत आणा.

स्पार्क बंद करताना प्लगची वायर उपटून मोकळी सोडू नका. उच्चदाबाला बाहेर जायला वाट राहिली नाही की तो कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडतो. मॅग्नेटोच्या गाड्यांत तर हमखास. वायर बॉडीला टेकवा. आणि एक सिलिंडर १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त बंद ठेवू नका. त्यात न जळलेलं पेट्रोल शिरत राहतं, बोअरवरचं तेल धुऊन चेंबरमध्ये उतरतं आणि पुढच्या वाचनांत तेलच बदललेलं असतं. दिवसभर टेस्ट केल्यावर तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर ते बदला.

या इंजिनाची एक मूळची अडचणही लक्षात ठेवा. त्याच्या हेडला पेट्रोल-हवा आत घेणारी फक्त दोन भोकं आहेत, प्रत्येक भोक दोन सिलिंडरांत वाटलेलं. धूर बाहेर जाणारं मधलंही दोघांत एक. एक सिलिंडर गप्प झाला की शेजाऱ्याचं भरणंही बदलतं. त्यामुळे दशांशापुढच्या आकड्यांवर या टेस्टमध्ये विश्वास ठेवू नये. तुमच्याकडे विजेचा डायनॅमोमीटर असता तर गरम इंजिन बंद करून ताबडतोब बाहेरून फिरवणं आणि लागणारी ताकद थेट मोजणं अधिक भरवशाचं ठरलं असतं. त्यातही बोअर लगेच गार होतो आणि जळण्याचा दाब नसल्याने रिंगा भिंतीवर कमी रेटल्या जातात, पण तिथे दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी करावी लागत नाही.

प्रश्न : आजोबांच्या ऑस्टिन सेव्हनच्या जुन्या कागदांवर ७.८ अश्वशक्ती लिहिलं आहे. दुसरीकडे १०.५ वाचलं. मधली ताकद घर्षणात जाते का?
— एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : नाही, ७.८ हा करासाठीचा आकडा आहे. ब्रिटनच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबचं सूत्र असं : सिलिंडरचा व्यास इंचात घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरांच्या संख्येने गुणा, २.५ने भागा. ऑस्टिन सेव्हनचा व्यास ५६ मिलिमीटर, म्हणजे २.२०५ इंच. उत्तर ७.८. ब्रिटनमध्ये १९२१पासून प्रत्येक अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड कर होता, म्हणून हा आकडा कागदावर ठसठशीत लिहिलेला असायचा.

तुमच्या प्रश्नाला लागून असलेली गोष्ट त्या २.५मध्ये दडलेली आहे. सूत्र करणाऱ्यांनी तीन गोष्टी गृहीत धरल्या : सिलिंडरातला सरासरी दाब चौरस इंचाला ९० पौंड, पिस्टनचा वेग मिनिटाला १००० फूट, आणि यांत्रिक कार्यक्षमता ७५ टक्के. ९० गुणिले ०.७८५४ (वर्तुळाच्या क्षेत्रफळासाठी) गुणिले १००० भागिले ४ (चार स्ट्रोकांत, म्हणजे पिस्टनच्या चार धावांत, एकच कामाचा) गुणिले ०.७५ भागिले ३३,००० (मिनिटाला इतके फूट-पौंड म्हणजे एक अश्वशक्ती) करून पाहा, ०.४० येतं, म्हणजेच २.५ने भागणं. त्या काळच्या इंजिनात चौथा हिस्सा ताकद वाटेत जाते हे त्यांनी सरसकट मानलं होतं.

सुरुवातीच्या ऑस्टिन सेव्हनची १०.५ अश्वशक्ती २४०० फेऱ्यांवरची आहे. ७६.२ मिलिमीटर स्ट्रोकवर तिथे पिस्टनचा वेग मिनिटाला १२०० फूट होतो, गृहीतापेक्षा वीस टक्के जास्त. उरलेला फरक बरा दाब आणि कमी घर्षण यांचा. त्या इंजिनाची क्रँक पुढे-मागे दोनच बॉल-रोलर बेअरिंगांवर फिरते. सूत्रात स्ट्रोकचा हिशेबच नव्हता, म्हणून कर वाचवायला अरुंद बोअर आणि लांब स्ट्रोकची इंजिनं निघाली. लांब स्ट्रोक म्हणजे त्याच फेऱ्यांना पिस्टनची जास्त धाव आणि रिंगांचं जास्त घर्षण. ब्रिटिश गाड्यांत हा वारसा पुढे बराच काळ राहिला.

प्रश्न : साताऱ्यात माझी गाडी बरी चालते, पण महाबळेश्वरला हवेच्या मानानेही जास्तच मरगळते. कार्बोरेटर नीट लावलेला आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : हवा विरळ होते, घर्षण तेवढंच राहतं. महाबळेश्वर १३०० मीटरच्या वर आहे. समुद्रसपाटीच्या तुलनेत तिथला दाब सुमारे १५ टक्के कमी असतो. हवा गार असल्याने घनता साधारण १२ टक्के कमी धरू. वरच्या नागपूरच्या पत्रातलेच आकडे घ्या : आतली ताकद २३.६ची २०.८ होते, घर्षणाचे ३.६ जवळजवळ तेच, फ्लायव्हीलवर १७.२. म्हणजे हवा १२ टक्के घटली, ताकद १४ टक्के. घट्ट इंजिनात घर्षण दुप्पट असेल तर हीच घट सोळा-सतरा टक्क्यांवर जाते. सातारा स्वतः उंचीवर असल्याने तुमच्या दोन ठिकाणांतला फरक याहून कमी असेल, पण दिशा हीच.

प्रश्न : माझ्या जुन्या इंजिनात २०डब्ल्यू५० तेल आहे. मित्र म्हणतात पातळ ३० नंबरचं टाक, ताकद वाढेल. इंजिन सध्या स्टँडवरच आहे. खरंच फरक पडतो का, हे घरच्या घरी मोजता येईल का?
— एक वाचक, मडगाव, गोवा

उत्तर : इंजिन स्टँडवर चालू करण्याची सोय असेल तर मोजता येईल. इंजिन एका वेगावर चालवा, स्पार्क तोडा, आणि ते किती लवकर मंदावतं ते पाहा. थांबवणारं दुसरं काही नसतं. घर्षण, हवा ओढण्याचे श्रम, पंखा आणि डायनॅमो एवढंच.

पुलीच्या कडेला एक छोटं लोहचुंबक पक्कं बसवा आणि समोर हॉल सेन्सर (चुंबक जवळून गेला की विजेचा ठोका देणारा). त्याचा ठोका लॅपटॉपच्या माइकच्या भोकातून आवाज म्हणून रेकॉर्ड करा; मध्ये रेझिस्टन्स घालून व्होल्टेज उतरवायला विसरू नका. सेकंदाला ४४,१०० नमुने म्हणजे वेळ मोजायला भरपूर बारकावा. दोन ठोक्यांमधल्या अंतरावरून वेग काढायचा, पण चार स्ट्रोकचं चक्र दोन फेऱ्यांचं असतं, म्हणून दर दोन फेऱ्यांची वेळ घ्या, नाहीतर कॉम्प्रेशनचे हेलकावे आकड्यांत येतील.

वेग किती लवकर पडला यावरून घर्षण काढायला फिरणाऱ्या भागांचं जडत्व लागतं, आणि सगळे तिथेच अडतात. फ्लायव्हील न उतरवता ते काढायची सोपी युक्ती आहे. टेस्ट दोनदा करा. दुसऱ्यांदा पुलीवर लेथवर कातलेली पोलादी चकती बोल्टने बसवून. ५ किलोच्या, २०० मिलिमीटर व्यासाच्या सपाट चकतीचं जडत्व अर्धं वजन गुणिले त्रिज्येचा वर्ग, म्हणजे ०.०२५ किलो-चौरसमीटर. समजा २०००वरून १८०० फेऱ्यांवर यायला चकतीशिवाय ०.२०० सेकंद लागले आणि चकतीसह ०.२३८. तर इंजिनाचं स्वतःचं जडत्व ०.०२५ गुणिले ०.२०० भागिले ०.०३८, म्हणजे ०.१३. मग घर्षणाचा टॉर्क : २०० फेऱ्यांची घट म्हणजे २०.९ रेडियन, भागिले ०.२ सेकंद, गुणिले ०.१३, उत्तर सुमारे १३.६ न्यूटन-मीटर. १९०० फेऱ्यांवर त्याची ताकद होते २.७ किलोवॅट. चकती बॅलन्स केलेली असावी, २००० फेऱ्यांच्या वर जाऊ नका, आणि चकतीच्या रेषेत कुणीही उभं राहू नये.

थ्रॉटल बंद आणि पूर्ण उघडा अशा दोन्ही स्थितींत मोजा. बंद थ्रॉटलला इंजिन पोकळीविरुद्ध हवा ओढत असतं आणि लवकर थांबतं. दोहोंतला फरक हा या ओढण्याचा खर्च आहे, त्याला घर्षण समजू नका. उघड्या थ्रॉटलच्या टेस्टमध्ये न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठतं. फिरत्या इंजिनावर स्पार्क पुन्हा जोडलात तर सायलेन्सर फुटू शकतो. पूर्ण थांबू द्या आणि पाच मिनिटं जाऊ द्या.

आता तेल. २०डब्ल्यू५० हे १०० अंशांवर १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्स (तेलाच्या जाडीचं माप) असावं लागतं, ३० नंबरचं ९.३ ते १२.५. म्हणजे तापल्यावरही जाडीत दीडपट-दुप्पट फरक आहे. ४० अंशांवर दोन्ही याच्या आठ-नऊ पट जाड असतात. ५०, ७० आणि ९० अंशांवर टेस्ट करा, दोन्ही तेलांची. पहिल्या तापमानाला फरक ठळक दिसेल, शेवटच्याला कमी, कारण फिरत्या बेअरिंगचं घर्षण तेलाच्या जाडीबरोबर चालतं, पण पिस्टन टोकाला थबकतो तिथे आणि कॅमच्या नाकावर तेलाचा थर तुटतो. तिथे पातळ तेलाचा फायदा होत नाही, कधी उलट होतं. समजा गरम इंजिनात पातळ तेलाने घर्षण १० टक्क्यांनी कमी झालं. ३.६ किलोवॅटमधले ०.३६, वीस किलोवॅटच्या इंजिनात दोन टक्क्यांहून कमी. एवढ्यासाठी, झिजलेली बेअरिंगं असताना, तेलाचा दाब घालवू नका. गरम इंजिनाचा दाब कंपनीने सांगितलेल्या हद्दीत राहत असेल तरच ३० नंबरचं वापरा.

तेलाच्या नंबरापेक्षा त्याची पातळी जास्त त्रास देते. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडे तेल भरलं की क्रँक आणि बिगएंड त्यात आपटतात, तेलाचा फेस होतो आणि ताकद फेस घुसळण्यात जाते. बिगएंडच्या चमच्यांनी तेल उडवणाऱ्या जुन्या गाड्यांत तर अर्धा लिटर जास्तही टेस्टमध्ये दिसेल.

प्रश्न : गाडी रोलरवर लावली. चाकांवर २७ अश्वशक्ती दाखवली. यंत्रवाल्याने "गिअरबॉक्सचे १५ टक्के" मिळवून इंजिनाची काढून दिली. बरोबर आहे का?
— गॅरेजचालक, कोल्हापूर

उत्तर : सरसकट टक्केवारी लावू नये. मागच्या बाजूचे काही तोटे भाराबरोबर वाढतात, काही नुसत्या वेगाबरोबर. टॉप गिअर थेट असेल तर ताकद गिअरबॉक्सच्या दातांमधून जात नाही, फक्त डिफरन्शियलच्या एका जोडीतून जाते. गिअरबॉक्सचा लेशाफ्ट (खालचा जोड-दांडा) तेल घुसळत फिरतो एवढंच. सर्वांत मोठा खाऊ बहुधा टायर असतो. अरुंद रोलरवर टायर दुमडतो, आणि गाडी पट्ट्यांनी जितकी खाली आवळाल तितका जास्त. आधी-नंतरची तुलना करायची तर टायर तोच, हवेचा दाब तोच, पट्ट्यांचा ताण तोच आणि डिफरन्शियलचं तेल तापलेलं, हे लिहून ठेवा. यंत्राने न्यूट्रलला मंदावत जाताना मोजलेला तोटा मागून घ्या. गृहीत धरलेल्या १५ टक्क्यांपेक्षा तो बरा.

इंजिनात खोट काढण्यापूर्वी ब्रेक धरतात का हे रस्त्यावर तपासा, त्याला काही खर्च नाही. सपाट रस्ता, वारा नसलेली पहाट. न्यूट्रलला गाडी सोडा आणि ताशी २५वरून १५ किलोमीटरवर यायला लागणारे सेकंद मोजा, दोन्ही दिशांना, तीन-तीनदा. माणसांसह गाडी १००० किलोची असेल, चाकांच्या फिरण्यासाठी साडेतीन टक्के मिळवा. १४ सेकंद लागले तर रोधक बल सुमारे २०५ न्यूटन. ९ सेकंद लागले तर ३२०. हे जादा ११५ न्यूटन ताशी ६० किलोमीटरला १.९ किलोवॅट खातात, म्हणजे अडीच अश्वशक्ती. मग लगेच चारी ड्रमला हात लावून पाहा. जो तापलाय तिथे शू परत येत नाही किंवा हँडब्रेकची केबल गंजून आखडली आहे.

प्रश्न : आमच्याकडे फोर्ड मॉडेल टी आहे. थंडीत हँडल मारायला फार जड जातं आणि सुरू होताच गाडी पुढे सरकते, हँडब्रेक लावूनसुद्धा. काय बिघडलंय?
— एक मराठी कुटुंब, न्यू जर्सी

उत्तर : बहुधा काही बिघडलेलं नाही. या गाडीचा अनेक चकत्यांचा क्लच आणि गिअरचे पट्टे इंजिनाच्याच तेलात बुडालेले असतात. तेल गारठलं की चकत्या एकमेकींना चिकटून राहतात, आणि तुम्ही हँडल मारता तेव्हा इंजिनाबरोबर मागची चाकंही फिरवत असता. पातळ तेल वापरा, आणि पातळी फ्लायव्हीलच्या घरावरच्या दोन तोट्यांच्या मध्ये ठेवा. जुनी रीत म्हणजे मागचं एक चाक जॅकवर उचलायचं. बाकीच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे हवेतच. खात्री करायची तर ताणकाट्याने हँडलची ओढ दोनदा मोजा, चाक जमिनीवर आणि चाक उचललेलं. उचललेल्या चाकाला जड ओढ तशीच राहिली तर मात्र क्लचपलीकडे, इंजिनात बघावं लागेल. उष्ण दिवशीही गाडी सरकत असेल तर क्लचची जुळणी चुकली आहे.

प्रश्न : डिझेल अॅम्बॅसॅडरला मोर्स टेस्ट चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : इंजेक्टरची नळी सैल करून करता येते, पण डिझेलला याहून सोपी विलन्स रेषा आहे. वेग कायम ठेवून चार-पाच भारांवर डिझेलचा खप मोजा. ५० सीसी ब्युरेट आणि घड्याळ पुरे. आलेखावर ताकद आडवी, खप उभा. समजा शून्य भाराला मिनिटाला १४ ग्रॅम, ४ किलोवॅटला २८, ८ला ४२. रेषा मागे वाढवली की ती शून्य खपाला उणे ४ किलोवॅटवर टेकते, तेच घर्षण. जास्त भाराची टोकाकडची वाचनं सोडून द्या. धूर वाढू लागला की रेषा वर वाकते आणि घर्षण खोटं येतं. पेट्रोल इंजिनाला ही रीत लावू नका. तिथे भार कमी करायला थ्रॉटल बंद करावा लागतो, हवा ओढण्याचा खर्च प्रत्येक बिंदूला बदलतो आणि रेषा सरळ राहत नाही.

प्रश्न : पट्ट्यावरचा पंखा काढून विजेचा लावला तर किती ताकद वाचेल?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : वेगावर अवलंबून आहे. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे २०००वरून ४००० फेऱ्यांवर गेलात की आठपट. शहरात हळू चालवणाऱ्याला फरक जाणवणार नाही. विजेचा १०० वॅटचा पंखा १२ व्होल्टला ८ अँपिअरहून जास्त घेतो. जुना डायनॅमो निम्मी ताकद उष्णतेत घालवतो, म्हणजे इंजिनावर २०० वॅटचा भार पडतो, आणि मंद वेगाला तो डायनॅमो तेवढे अँपिअर देतच नाही. आधी वरच्या मडगावच्या पत्रातली मंदावण्याची टेस्ट पट्टा लावून आणि पट्टा काढून करा. पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असेल तर पट्ट्याशिवाय इंजिन दोन मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका.